शेनमू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कंटाळलेल्यांचे आणि वेड्यांचेही)

जुने गेम खेळायला घेतले की कुणी ना कुणी शेनमूपाशी येऊन अडकतं आणि मग मला मेसेज येतो. निम्म्या लोकांचा सूर "हे काय चाललंय?" असा असतो, उरलेल्यांचा "तुला यात दिसलं तरी काय?" असा. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी स्वतः हा गेम पहिल्यांदा अर्ध्यावर टाकून दिला होता. नंतर तीनदा पूर्ण केला. त्यामुळे दोन्ही पंगतीत जेवलेला माणूस आहे असं समजा. कथेतल्या काही गोष्टी पुढे उघड होतील. शेवटाबद्दलच्या प्रश्नावर मात्र आधी सावध केलं आहे.

शेनमू म्हणजे नेमका कुठला गेम?

सेगा या जपानी गेम कंपनीच्या एएम२ विभागाने ड्रीमकास्टसाठी, म्हणजे सेगाच्याच घरगुती गेम-यंत्रासाठी, केलेला. जपानमध्ये २९ डिसेंबर १९९९ ला आला, अमेरिका आणि युरोपात २००० सालाच्या अखेरीस. दिग्दर्शक यू सुझुकी. हँग-ऑन, स्पेस हॅरियर, आउटरन, व्हर्च्युआ फायटर हे सगळं त्याचंच. म्हणजे नाणं टाकलं की दोन मिनिटांत छाती धडधडली पाहिजे, अशा गेमांवर ज्याचं नाव झालं, त्याच माणसाने पुढे असा गेम केला ज्यात नायक स्वयंपाकघरातले खण एकेक करून उघडून बघतो. सुरुवातीचा बेत व्हर्च्युआ फायटरच्या जगावर बेतलेल्या आरपीजीचा, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा, होता. वाढत वाढत त्याचं हे झालं.

कथा १९८६ ची, गाव जपानमधलं योकोसुका. २९ नोव्हेंबरला बर्फ पडत असताना लान डी नावाचा चिनी माणूस हाझुकींच्या घरी येतो, इवाओ हाझुकींना त्यांच्याच डोजोत (मार्शल आर्टच्या सरावाच्या जागेत) मुलासमोर ठार करतो आणि ड्रॅगन कोरलेला एक आरसा घेऊन जातो. मुलगा रियो, वय १८. पुढचा गेम म्हणजे त्याने लावलेला माग.

सूडाची गोष्ट आहे, मग इतकी रेंगाळते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि माझं उत्तर थोडं लांब आहे.

शेनमूमध्ये घाई फक्त एका माणसाला आहे, रियोला. बाकी अख्ख्या गल्लीचं रोजचं चाललेलं आहे. इने-सान घर सांभाळते आणि पोरगं वेळेवर घरी येत नाही म्हणून काळजी करते. फुकू-सान डोजोत सराव करतो आणि दुःख गिळतो. नोझोमी फुलांच्या दुकानात बसते. टॉम आपल्या हॉटडॉगच्या गाडीपाशी नाचत असतो. वर यामानोसेत, देवळाजवळ, मेगुमी नावाची लहान मुलगी जखमी मांजरीच्या पिल्लाला खोक्यात घेऊन बसली आहे. लान डीच्या माणसांच्या गाडीखाली त्या पिल्लाची आई गेली, हे कळतं तेव्हा लक्षात येतं की त्या दिवशी त्या गल्लीत अनाथ झालेला रियो एकटाच नव्हता.

आता रियोला यातलं काहीच दिसत नाही. त्याला काळी गाडी हवी, चिनी माणसं हवीत, बंदर हवं. नोझोमी काहीतरी मनातलं सांगायला येते, तिचं कॅनडाला जायचं घाटतंय, आणि हा आपला दोन शब्द बोलून गप्प. पण खेळणाऱ्याला मात्र वाट पाहावी लागते, आणि वाट पाहता पाहता आपण ते सगळं बघून ठेवतो जे रियो बघत नाही. कुठल्या दुकानाचं शटर कधी उघडतं, कुठली आजी कुठल्या कोपऱ्यावर पत्ता शोधत उभी असते, पाऊस आला की कोण छत्री उघडतं. शेवटी तो गाव सोडायला निघतो तेव्हा पोटात कालवतं ते आपल्याला. ते सगळे रेंगाळलेले तास काढून टाकले असते तर तो निरोप म्हणजे नुसता एक व्हिडिओ झाला असता.

मग मला कंटाळा येत नाही का? येतो. पण या गेमबद्दलचा माझा जीव आणि माझा कंटाळा एकाच विहिरीचं पाणी आहे, वेगवेगळं काढता येत नाही.

बोलणं पुरे. नक्की किती वेळ लागतो?

मुख्य कथा साधारण १५ ते २० तास. गेममधला एक तास म्हणजे आपली जवळपास चार मिनिटं. सकाळी उठायचं, दिवसभर विचारपूस करायची, रात्री साडेअकराच्या सुमाराला रियो आपोआप घरी परततो. मधला कुठलाही तास गाळता येत नाही.

गाळता येत नाही म्हणजे? वेळ पुढे नेण्याचं बटण असेलच ना!

नाही. पहिल्या भागात नाही. २०१८ मध्ये नव्या यंत्रांसाठी निघालेल्या आवृत्तीतही ते घातलं नाही. दुसऱ्या भागात काही ठिकाणी "थांबून राहा" असा पर्याय आला. म्हणजे तक्रार बनवणाऱ्यांच्याही कानावर गेली असावी.

व्यवहारात काय होतं ते सांगतो. एका बारमधल्या माणसाला भेटायचंय, पण बार उघडणार संध्याकाळी सातला. घड्याळात दुपारचे दोन. पाच तास, म्हणजे आपली वीस मिनिटं. पहिल्या वेळी मी काय केलं, रियोला बारच्या बंद दारासमोर उभं केलं, कंट्रोलर खाली ठेवला आणि कपडे वाळत घालून आलो. परत आलो तर पाच वाजले होते. चिडून गेम बंद केला, आणि पुढचे काही महिने उघडला नाही.

दुसऱ्यांदा तीच वेळ आली तेव्हा मी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानात, शिरलो. तिथे हँग-ऑन आणि स्पेस हॅरियर उभे आहेत, पूर्ण, खेळता येतील असे. हे दोन्ही गेम १९८५ चे. म्हणजे १९८६ सालच्या पोराच्या दृष्टीने ताजे कोरे, आणि ते बनवणारा सुझुकीच. आपल्याच जुन्या कामाला त्याने गावातला एक कोपरा देऊन टाकलाय. तिथून बाहेर पडलो तर अंधार पडला होता, गल्लीत निऑनचे दिवे लागले होते आणि बार उघडून बराच वेळ झाला होता. वाट बघायची जागा बदलली एवढंच. पण त्या दिवसापासून मी या गेमच्या विरोधकांमधून उठून पलीकडे जाऊन बसलो.

तरी सांगतो, बटण हवं होतं. ज्याला गावात फिरायचंय त्याने फिरावं, ज्याला घाई आहे त्याने दाबावं. झोपायची सोयसुद्धा संध्याकाळ सरल्याशिवाय नाही, "अजून लवकर आहे" म्हणून रियो नकार देतो. याला मी खोली म्हणणार नाही, हा हट्ट आहे.

खलाशी कुठे भेटतील, हा विनोद सगळीकडे दिसतो. काय आहे तो?

तपासाच्या एका टप्प्यावर रियोला खलाशांची माहिती काढायची असते. तो भेटेल त्याला विचारतो की खलाशी कुठे जमतात. भाजीवाल्याला, म्हाताऱ्या आजीला, शाळकरी पोरांना, सगळ्यांना त्याच थंड आवाजात. इंग्रजी डबिंगमध्ये ते इतकं सपाट आहे की हसू आवरत नाही. योकोसुकात अमेरिकी आरमाराचा तळ आहे, डोबुइता गल्ली त्याच्या जवळची, त्यामुळे प्रश्न तसा अगदीच अस्थानी नाही. पण भर गल्लीत अठरा वर्षांचा मुलगा गंभीर चेहऱ्याने हे विचारतो तेव्हा जे व्हायचं ते होतंच.

खण, कपाटं, फ्रिज सगळं उघडता येतं म्हणतात. त्यातून काय मिळतं?

बहुतेक वेळा काहीच नाही. काही ठिकाणी बॅटरी, कॅसेट, मेणबत्ती असलं काहीतरी. नवे खेळाडू इथे चिडतात, कारण आपल्याला सवय अशी की गेममध्ये खण उघडला की बक्षीस. इथे खण उघडला की खण दिसतो.

मला मात्र हाच भाग सर्वांत आवडतो. घरातल्या फोनचं उदाहरण घ्या. काळा, चकतीचा. तो उचलून एकेक आकडा स्वतः फिरवायचा, प्रत्येक आकड्यानंतर चकती करकरत मागे येईपर्यंत थांबायचं. कथेला याची गरज नाही. पण वडील गेलेल्या घरात रात्री तो फोन फिरवताना घराचा रिकामेपणा कानाला ऐकू येतो.

एक गंमत. याच घरात टीव्हीखाली सेगा सॅटर्न (सेगाचं गेम-यंत्र) ठेवलेला आहे. सॅटर्न बाजारात आला १९९४ ला, कथा १९८६ ची. ज्यांनी त्या काळातल्या योकोसुकाच्या हवामानाच्या नोंदी मिळवल्या त्यांनीच हे केलं. चूक म्हणा, खोडी म्हणा.

हवामान खरंच खरं आहे?

हो. एकदा गेम पूर्ण केला की १९८६-८७ च्या हिवाळ्यातल्या प्रत्यक्ष नोंदींप्रमाणे पाऊस, ऊन, बर्फ पडेल असा पर्याय मिळतो. खेळावर त्याचा फारसा परिणाम नाही.

फोर्कलिफ्टचा भाग एवढा बदनाम का?

कारण मारामारीच्या गेममध्ये खेळाडूला अचानक नोकरी लागते. खरीखुरी नोकरी.

मॅड एंजेल्स या टोळीचा माग काढायला रियोला बंदरात शिरायचं असतं. गोरो नावाचा तिथला एक उडाणटप्पू ओळख काढून त्याला मालधक्क्यावर कामाला लावतो. मग रोज सकाळी बंदरात हजर व्हायचं. आधी सगळ्या चालकांची फोर्कलिफ्टची शर्यत. हो, शर्यत, आणि कितवे आलात त्याप्रमाणे फोर्कलिफ्टची छोटी खेळणी मिळतात. नंतर काम. एका गोदामातून खोकी उचला, दुसऱ्या गोदामात नेऊन लावा. दुपारी जेवणाची सुट्टी, त्यात गुंड त्रास द्यायला येतात किंवा कुणीतरी काहीतरी सांगतं. पुन्हा काम. संध्याकाळी किती खोकी हलवली त्यावर पगार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी गंमत वाटते. दुसऱ्या दिवशी काटे भिंतीत अडकतात, मागे घेताना दुसरं खोकं पडतं, वरून कोटा पुरा करायचा असतो. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी विचित्र होतं. हात बसतो. खोक्याच्या पुढ्यात कुठे थांबायचं, काटे किती उंचीवर ठेवायचे, वळण आत्ता घ्यायचं की अर्धा मीटर पुढे जाऊन, हे न बघता जमायला लागतं. मी एका दिवशी कोट्यापेक्षा बरीच जास्त खोकी हलवली आणि खुर्चीत बसल्या बसल्या छाती फुगली. वडिलांच्या खुन्याचा माग काढायला आलेला मी, खोकी मोजत होतो.

ज्यांना हा भाग अजिबात सहन होत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांचं म्हणणं एका बाजूने बरोबर आहे. गोष्ट ऐन रंगात असताना गेम तुम्हाला कामाला जुंपतो. पण रियोला नाइलाजाने का होईना, पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचा पैसा हातात आलेला असतो आणि दुपारी बसून बोलायला चार माणसं भेटलेली असतात. तो थांबला असता तर त्याचं आयुष्य असं गेलं असतं. गेम ते तोंडाने सांगत नाही, तुमच्याकडून करवून घेतो.

मग यात खरंच वाईट असं काहीच नाही का?

भरपूर आहे. माझी एक फूटपट्टी आहे. गावाचा संथपणा वेगळा आणि यंत्राचा संथपणा वेगळा. गावाचा म्हणजे दुकान संध्याकाळी उघडणं, माणसाने दमाने बोलणं, दिवस मावळेपर्यंत थांबणं. यंत्राचा म्हणजे बाकीचं सगळं, आणि त्यातलं बरंच आज खेळताना डोक्यात जातं.

चालणं बघा. मूळ गेममध्ये रियोला दिशांच्या बटणांनी चालवायचं, पळवायला वेगळं बटण धरायचं. तो गाडी वळवल्यासारखा वळतो. अरुंद खोलीत एखाद्या कपाटासमोर नीट उभं राहायला चार प्रयत्न लागतात. प्रत्येक दारातून आत-बाहेर करताना थांबा. कुणाशी बोलायला गेलं की आधी दोघं एकमेकांकडे वळणार, मग रियो "माफ करा" म्हणणार, मग समोरचा म्हणणार मला माहीत नाही, आणि मग तुमची सुटका. मधलं वाक्य तोडायची सोय धड नाही. दहा जणांना तोच प्रश्न विचारल्यावर यात गावाची चव उरत नाही, खिडकीवर रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं.

गेमचे भक्त या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतात आणि सगळ्याला "वातावरण" म्हणतात. विरोधकही तेच पोतं उचलतात, फक्त "टाकाऊ" म्हणून. भांडण कधी मिटत नाही याचं मला तरी हेच कारण दिसतं.

मारामारी कशी आहे?

चांगली, पण कमी. व्हर्च्युआ फायटरचा पाया आहे, त्यामुळे डाव खरे वाटतात. डाव लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या विकत घेऊन किंवा लोकांकडून डाव शिकायचे, मोकळ्या वाहनतळावर नाहीतर डोजोत एकटं उभं राहून घोटवायचे. सराव केला की डाव खरोखर सुधारतो. टॉम अमेरिकेला परत जायला निघतो तेव्हा एक लाथ शिकवून जातो, ती मी कायम वापरली. अखेरीस बंदरात गुइझांग या चिनी तरुणाच्या साथीने ७० जणांशी एका दमात लढाई आहे. इतके दिवस मुठी दाबून ठेवलेल्या असतात म्हणूनच ती एवढी रंगते.

पडद्यावर अचानक बटण चमकतं आणि मी हरतो. हे काय?

क्विक टायमर इव्हेंट. दृश्य चालू असताना दिसेल ते बटण पटकन दाबायचं. ही युक्ती अशा स्वरूपात रूढ करण्याचं श्रेय, किंवा पाप, शेनमूच्या नावावर आहे. इथे चुकलात तर बहुतेक वेळा तोच प्रसंग पुन्हा खेळायला मिळतो, काळजी नको. खरा घोळ असा की अर्धा तास शांत फिरल्यावर कंट्रोलर मांडीवर असतो, चहाचा कप हातात असतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फुटबॉल तोंडावर मारतो.

गेममुळे सेगा बुडाली म्हणतात. खरं?

एका गेमने एवढी मोठी कंपनी बुडत नाही. खर्च अवाढव्य होता हे खरं. ७ कोटी डॉलरचा आकडा वर्षानुवर्षं फिरत राहिला. सुझुकीने नंतर ४.७ कोटी सांगितला. त्या काळच्या गेमसाठी दोन्ही आकडे डोळे फिरवणारेच. प्रती खपल्या सुमारे १२ लाख. वाईट मुळीच नाही, पण ड्रीमकास्ट घरात असणारेच कमी होते, तेव्हा घेणार तरी किती? जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. पाश्चात्त्य देशांत शेनमू येऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते.

आज कुठे खेळू? आवाज जपानी ठेवू की इंग्रजी?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पहिले दोन्ही भाग एकत्र पीएस४, एक्सबॉक्स वन आणि विंडोजवर आले. तेच घ्या. चालण्याची पद्धत जुनी किंवा नवी निवडता येते, नवीच निवडा, निष्ठा दाखवायला दुसऱ्या जागा आहेत.

आवाजाचं म्हणाल तर मी जपानी सांगेन. मूळ पाश्चात्त्य आवृत्तीत फक्त इंग्रजी होतं आणि या गेमची निम्मी टिंगल त्या डबिंगमुळे झाली. जपानीत तोच रियो लाजरा, अवघडलेला मुलगा वाटतो. इंग्रजीत तो भिंत वाटतो. अर्थात एकदा पूर्ण झाल्यावर मित्रांसोबत बसून इंग्रजीतही जरूर बघा, करमणूक आहे.

सरळ दुसऱ्या भागापासून सुरू केलं तर चालेल?

चालेल, तो जास्त वेगवान आहे, हाँगकाँग मोठं आहे, घटना भराभर घडतात. पण मग गाव सोडून आलेल्या मुलाची गोष्ट तुम्ही गाव न बघता बघाल.

मला याकुझा मालिका आवडते. हा आवडेल?

वरवर भाऊ-भाऊ वाटतात. सेगाचेच, जपानी गल्ली, मारामारी, आर्केड. याकुझा तुम्हाला दर पन्नास पावलांवर काहीतरी देतो, भांडण म्हणा, विनोद म्हणा, रडू म्हणा. शेनमू पन्नास पावलं चालू देतो. याकुझाच्या अपेक्षेने बसलात तर पहिल्या तासात उठाल.

शेवट म्हणजे काय, अर्धवटच? (पुढे शेवट उघड होतो)

अर्धवटच. ड्रॅगन आरशाचा जोडीदार, फिनिक्स आरसा, रियोच्या हाती लागलेला असतो. तो लान डीच्या मागावर हाँगकाँगच्या बोटीत चढतो आणि पडदा पडतो. हा मोठ्या कथेचा पहिला अध्याय होता, नावच "योकोसुका".

२००० साली हे बघून लोक वैतागले असतील यात नवल नाही. वीस तास गल्ली तुडवून खुनी भेटतच नाही! पण त्या धक्क्यावर निरोप द्यायला आलेली माणसं बघताना मला खुन्याची आठवणही झाली नव्हती.

आणि तिसरा भाग?

दुसरा भाग २००१ चा, तिसरा १९ नोव्हेंबर २०१९ चा. मधली अठरा वर्षं नुसती वाट. २०१५ मध्ये लोकवर्गणीची मोहीम झाली, ६३ लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, देणारे ६९ हजारांहून जास्त. एवढं करून गोष्ट संपलीच नाही. लान डी समोर येतो आणि गाडी पुन्हा पुढच्या भागावर.

खेळ म्हणून त्यावर मतं फाटली आणि माझंही फाटलंय. त्यातल्या चीनमधल्या बाइलू गावातल्या संध्याकाळी जुन्या शेनमूच्या तोडीच्या आहेत. पण पळताना दम खर्च होतो आणि तो भरून काढायला सारखं काहीतरी खावं लागतं. मी रियोला लसूण चारत चारत अख्खा गेम काढला. माझ्या फूटपट्टीने हा यंत्राचा संथपणा, आणि या वेळी तो मुद्दाम बनवलेला, म्हणून जास्त खटकला.

एवढं सगळं असून याला महत्त्वाचा का मानतात?

२०२५ मध्ये बाफ्टाने, म्हणजे चित्रपट, टीव्ही आणि गेमना पुरस्कार देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने, लोकांना विचारलं की सर्वांत प्रभावी गेम कोणता. पहिला आला शेनमू, डूम आणि सुपर मारिओ ब्रदर्सच्याही पुढे. निकाल ऐकून मलाही जरा जास्तच वाटलं, कारण मारिओ नसता तर काय राहिलं असतं? मतदान म्हटलं की जे जीव टाकतात ते धावत येतात, आणि शेनमूवाले वीस-पंचवीस वर्षं वाट बघून तयार झालेले मतदार आहेत. पण गावातल्या प्रत्येकाला नाव, घर आणि दिनक्रम असावा, दिवस-रात्र आणि हवामान आपोआप चालत राहावं, मुख्य काम सोडून तासभर नाणं टाकून यंत्रातून निघणाऱ्या बाहुल्या जमवत बसावं, हे आज शेकडो गेममध्ये सहज दिसतं. १९९९ मध्ये एवढं सगळं एकाच ठिकाणी दिसत नव्हतं.

माझ्या मित्राने दोन तासांत सोडून दिला. त्याला कसं पटवू?

नका पटवू.

वेळ न घालवता काम केलं नाही तर गेम संपतो, हे खरं का?

खरं. १५ एप्रिल १९८७ ही शेवटची तारीख. तोपर्यंत रियो योकोसुकातच घुटमळत राहिला तर लान डी स्वतः परत येतो आणि त्याला संपवतो. नीट खेळणाऱ्याला ही तारीख कधी दिसतही नाही, कथा त्याच्या कितीतरी आधी पूर्ण होते.

मी एकदा तो शेवट मुद्दाम बघायचं ठरवलं. तपास बंद, कुणाला काही विचारायचं नाही, फक्त दिवस ढकलायचे. रोज सकाळी निघताना इने-सानने ठेवलेले ५०० येन उचलायचे, खाली डोबुइतात जायचं, १०० येनला एक अशा पाच बाहुल्या यंत्रातून काढायच्या, वर देवळाशी जाऊन पिल्लाला बघायचं, अंधार पडला की घरी. डिसेंबरात गल्लीत सांता दिसला. मग नवं वर्ष लागलं. हिशोब केला तर एप्रिलपर्यंत पोचायला माझे अजून सत्तर-ऐंशी तास जाणार होते, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तो नाद सोडला. ती सेव्ह फाइल मात्र अजून आहे. बाहुल्यांच्या संचात दोन कमी आहेत, त्यासाठी अधूनमधून उघडतो.